स्वीडनचं १८०९ साल: राजा गेला, फिनलंड गेलं आणि लोकपाल जन्माला आला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी ६ जूनला स्टॉकहोममधल्या सिटी बसवर छोटे निळे-पिवळे झेंडे लागतात, मी फोटो टाकते आणि लगेच घरच्या ग्रुपवर प्रश्न येतात, आज काय तुमच्याकडे स्वातंत्र्यदिन आहे का, कोणापासून स्वतंत्र झाले हे लोक, राजा आहे तर मग पार्लमेंट कशाला. दरवेळी उत्तर देता देता मी १८०९ वर येऊन पोचते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, यापुढे लिंक पाठवली की काम झालं.

६ जून म्हणजे नक्की काय?

दोन गोष्टी एकाच तारखेला आल्यात. १५२३ मध्ये ६ जूनला गुस्ताव वासाला राजा म्हणून निवडलं, तिथून स्वीडन डेन्मार्कच्या छायेतून कायमचा बाहेर पडला. आणि १८०९ मध्ये ६ जूनलाच नवी राज्यघटना आली. शाळेत मुलांना वासाचीच गोष्ट जास्त सांगतात, दाढीवाला राजा, बर्फातून पळाला वगैरे. मला विचाराल तर १८०९ चा ६ जून जास्त मोठा. अधिकृत राष्ट्रीय दिवस १९८३ पासून आहे आणि सुट्टी तर २००५ पासून मिळायला लागली, त्यामुळे आपल्या १५ ऑगस्टसारखी धामधूम इथे दिसणार नाही.

१८०९ मध्ये एवढं काय झालं, एका दमात सांगा ना.

मार्चमध्ये आर्मीच्या ऑफिसरांनी राजाला त्याच्याच राजवाड्यात अटक केली, त्याच महिन्यात रशियन घोडेस्वार गोठलेल्या समुद्रावरून स्वीडनच्या किनाऱ्यावर आले, मेमध्ये पार्लमेंटने राजा आणि त्याच्या अख्ख्या वंशाला गादीवरून काढलं, जूनमध्ये नवी घटना आणि नवा राजा, ऑगस्टमध्ये स्वीडनच्या भूमीवरच्या शेवटच्या लढाया, सप्टेंबरमध्ये तह होऊन फिनलंड गेलं म्हणजे देशाचा तिसरा हिस्सा गेला, आणि डिसेंबरमध्ये पदच्युत राजा बायकामुलांना घेऊन देशाबाहेर. तेव्हा आपल्याकडे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, वसईचा तह होऊन सात वर्षं झाली होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

हा राजा कोण आणि लोक त्याच्यावर एवढे का चिडले?

गुस्ताव चौथा आडोल्फ. त्याच्या वडिलांना, तिसऱ्या गुस्तावला, १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली आणि २९ मार्चला ते गेले. मुलगा तेव्हा १३ वर्षांचा. काही वर्षं काका कारभार बघत होते, १७९६ पासून तो स्वतः. माणूस वाईट नव्हता असं मला वाटतं, कष्टाळू, देवभीरू, पैशांच्या बाबतीत स्वच्छ. पण एकदा मनात बसलं की हलायचं नाही. नेपोलियनबद्दल त्याच्या मनात असा तिटकारा होता की बायबलमध्ये जगाच्या अंताआधी येणारा जो राक्षसी पशू सांगितलाय तो हाच, असं तो खरोखर मानायचा.

१८०७ मध्ये नेपोलियन आणि रशियाचा झार अलेक्झांडर पहिला यांचा टिल्सिटला समझोता झाला. झारने स्वीडनला सांगितलं की इंग्लंडशी व्यापार बंद करा. राजा म्हणाला नाही. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, स्वीडनचं लोखंड आणि लाकूड इंग्लंडलाच जायचं, व्यापार तोडला असता तर देश तसाही उपाशी मेला असता. पण मग लढायची तयारी हवी होती ना, ती नव्हती. २१ फेब्रुवारी १८०८ ला युद्ध जाहीर न करताच रशियन सैन्य फिनलंडमध्ये घुसलं. मार्चमध्ये डेन्मार्कनेही युद्ध पुकारलं, नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होता, म्हणजे पूर्वेला रशिया, पश्चिमेला नॉर्वे आणि दक्षिणेला डेन्मार्क. मदत करायला इंग्लंडने सर जॉन मूरला सुमारे दहा हजार सैनिक देऊन योटेबोरीला पाठवलं तर त्याचं आणि राजाचं पटलंच नाही, राजाने त्याला स्टॉकहोममध्ये अडकवून ठेवायचा प्रयत्न केला, तो निसटला आणि सैन्य परत घेऊन गेला. दारात आलेली मदत अशी गेली.

फिनलंड रशियाचं होतं की स्वीडनचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. साधारण सहाशे वर्षं फिनलंड स्वीडनचा भाग होता. वसाहत वगैरे नाही, तोच राजा, तोच कायदा, त्याच पार्लमेंटमध्ये फिनलंडचे प्रतिनिधी. स्टॉकहोमचे लोक फिनलंडला राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणायचे. म्हणून ते जाणं म्हणजे लांबचा एखादा सुभा गेला असं नव्हतं, घराची एक भिंतच पडली.

एवढा मोठा किल्ला होता म्हणे हेलसिंकीला, त्याचं काय झालं?

स्वेआबोर्ग. आज त्याला सुओमेनलिन्ना म्हणतात, १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, हेलसिंकीच्या बाजारापासून फेरीने पंधरा-वीस मिनिटं. बेटांवर बांधलेला किल्ला, त्याच्या राजदरवाज्यापाशी दगडात कोरलंय की पुढच्या पिढ्यांनो, इथे स्वतःच्या पायावर उभे राहा आणि परक्याच्या मदतीवर विसंबू नका. तो दगड मी हात लावून बघितलाय आणि खरंच घशात काहीतरी येतं, कारण आत काय झालं ते आपल्याला माहीत असतं. आत सुमारे सात हजार माणसं होती, तोफा होत्या. सेनापती कार्ल उलोफ क्रोनस्टेट हा १७९० च्या स्वेन्सक्सुंडच्या आरमारी विजयातला हीरो. त्याने रशियनांशी करार केला की ३ मेच्या दुपारपर्यंत स्वीडनहून किमान पाच युद्धनौका आल्या नाहीत तर किल्ला तुमचा. समुद्र अजून बर्फाने भरलेला, जहाजं आली नाहीत, आणि ३ मे १८०८ ला किल्ला मोठी लढाई न होताच गेला. त्याने असं का केलं यावर दोनशे वर्षं वाद चाललाय, कोणी म्हणतं फितुरी, कोणी म्हणतं आत सैनिकांच्या बायकामुलांचे हाल बघवले नाहीत, कोणी म्हणतं धीरच खचला.

साध्या सैनिकांचं काय? ते कोणी सांगतच नाही.

बरोबर आहे, आणि मला तर याच भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय.

स्वीडनमध्ये तेव्हा अशी पद्धत होती की काही शेतांनी मिळून एक सैनिक पोसायचा. त्याला छोटं घर, थोडी जमीन आणि कपडे द्यायचे, बदल्यात युद्ध झालं की तो जायचा. एका तुकडीत चार-चार अँडरसन झाले तर गोंधळ व्हायचा म्हणून सैनिकाला छोटं आडनाव मिळायचं, रास्क म्हणजे चपळ, मूडिग म्हणजे धीट. आजही ही आडनावं दिसतात, त्यांच्या मागे बहुतेक वेळा असा एखादा सैनिक असतो.

हे सैनिक कमी पडले म्हणून १८०८ मध्ये १८ ते २५ वयाच्या मुलांची सक्तीची भरती केली, त्याला लांतवेर्न म्हणायचे. तीसेक हजार पोरं घेतली, शेतावरची, ज्यांनी बंदूक धरली नव्हती. त्यांना द्यायला धड कपडे नव्हते, बूट नव्हते, राहायला जागा नव्हती, थंडीत कोंबून ठेवलेल्या छावण्यांमध्ये ताप आणि हगवण पसरली. त्यातली हजारो मुलं शत्रूचं तोंडही न बघता मेली. तोच ताप गावांमध्येही पोचला. स्वीडनमध्ये १७४९ पासून प्रत्येक गावचा पाद्री जन्ममृत्यूचे आकडे लिहून वर पाठवायचा, त्या नोंदींमध्ये १८०९ हे साल लांबूनच दिसतं, मृत्यूंचा कडाच उभा राहिलाय तिथे. राजाच्या अटकेचं चित्र सगळ्यांना माहीत असतं पण त्या पाद्र्यांच्या वह्या उघडून बघा, बाप्तिस्म्याच्या पानांपेक्षा दफनाची पानं जास्त, आणि वय लिहिलेलं असतं १९, २०, २२.

बंड कोणी सुरू केलं?

येऑर्ग आडलरस्पारे नावाचा लेफ्टनंट कर्नल. तो नॉर्वेच्या सीमेवर वार्मलंडमध्ये होता. त्याने आधी समोरच्या बाजूशी, म्हणजे नॉर्वेतल्या सैन्याचा प्रमुख प्रिन्स क्रिस्टियान ऑगस्ट याच्याशी गुपचूप बोलून घेतलं की आम्ही मागे वळलो तर तुम्ही सीमा ओलांडू नका. मग ७ मार्च १८०९ ला कार्लस्टाड शहर ताब्यात घेतलं, जाहीरनामा काढला आणि सैन्य घेऊन स्टॉकहोमच्या दिशेने निघाला. जाहीरनामा लिहिणारा हान्स यार्टा, हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

ऑफिसर मंडळी आधीच पेटलेली होती. १८०८ च्या शरद ऋतूत फिनलंडच्या किनाऱ्यावर एक मोहीम फसली तेव्हा राजाने रागाच्या भरात गार्ड रेजिमेंट्सचा दर्जाच काढून घेतला होता, त्यात सगळी खानदानी घरातली पोरं. सामान्य माणसाचे हाल होत होते तेव्हा ही मंडळी गप्प होती आणि स्वतःच्या मानाला धक्का लागल्यावर हलली, हेही नोंदवून ठेवायला हवं.

१३ मार्चला सकाळी राजवाड्यात काय झालं?

बंडाची बातमी १२ तारखेला राजाला कळली. त्याने ठरवलं की दक्षिणेला स्कोनेमध्ये आपल्याशी निष्ठावान सैन्य आहे तिकडे जायचं, आणि जाताना बँकेतला पैसाही न्यायचा. ही बँकेची गोष्ट बाहेर फुटली आणि मग आडलरस्पारेची वाट बघायलाही वेळ उरला नाही.

१३ ला सकाळी जनरल कार्ल योहान आडलरक्रॉइट्झ काही ऑफिसर घेऊन राजाच्या खोलीत गेला आणि म्हणाला की आपण जाऊ नये. राजाने तलवार उपसली, आडलरक्रॉइट्झने त्याला कमरेला मिठी मारून धरलं, दुसऱ्याने तलवार काढून घेतली. राजा ओरडत होता की हे देशद्रोही आहेत. मग थोडी शांतता झाली, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तेवढ्यात राजाने एक तलवार मिळवली आणि दारातून पळाला. राजा स्वतःच्याच राजवाड्यात जिने उतरत पळतोय, मागे लोक, खाली पहारेकरी, त्यांना कळेना कोणाला अडवायचं. शेवटी ग्रायफ नावाच्या राजाच्याच शिकार खात्यातल्या माणसाने त्याला अंगणात गाठलं आणि उचलून परत वर आणलं. एकही माणूस मेला नाही. शेजारच्या युरोपात तेव्हा राजांची डोकी उडत होती, वडिलांना गोळी घातली होती, आणि इथे राजाला कडेवर घेतल्यासारखं उचलून आणून कोंडलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

रशियन सैन्य समुद्र चालत ओलांडून आलं हे खरं का?

खरं आहे. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट आणि हिवाळा कडक, त्यामुळे तेव्हा समुद्र सहज गोठायचा. रशियनांनी मार्चमध्ये स्वीडन आणि फिनलंडच्या मधली ओलंड बेटं घेतली आणि तिथून कुल्नेव नावाच्या सेनापतीचे कोसॅक घोडेस्वार १९ मार्चला बर्फावरून थेट ग्रिसलेहाम्नला आले, स्टॉकहोमपासून शंभरेक किलोमीटर. राजाला अटक होऊन सहा दिवस झालेले! दुसरी तुकडी बार्कले दे तोलीची, ती वरती उत्तरेला क्वार्केन नावाच्या समुद्राच्या अरुंद पट्ट्याचा बर्फ ओलांडून उमेओ शहरात आली. नकाशावर बघितलं तर अंगावर काटा येतो. पण बर्फ कधीही फुटेल ही भीती दोन्हीकडे होती, स्वीडनच्या फॉन डेबेल्नने बोलणी लावून धरली आणि रशियन परत गेले. आज ग्रिसलेहाम्नहून ओलंडला फेरी जाते, दोन तास लागतात, वर कॉफी आणि बन खात लोक समुद्र बघत बसतात.

२९ मार्च ही तारीख सगळीकडे का येते?

ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यात कोंडलेल्या राजाने २९ मार्च १८०९ ला राजीनामा लिहिला, बरोबर १७ वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याचे वडील गेले होते. आणि त्याच २९ मार्चला समुद्रापलीकडे पोर्वो गावच्या चर्चमध्ये फिनलंडचे प्रतिनिधी झार अलेक्झांडरशी निष्ठेची शपथ घेत होते. राजाला धरणारा आडलरक्रॉइट्झ याच पोर्वोजवळचा, तिथल्या क्याला नावाच्या वाड्यात जन्मलेला. त्याने राजधानी वाचवली आणि त्याचं जन्मगाव दुसऱ्या देशात गेलं.

मग त्या राजाचं पुढे काय झालं?

त्याला वाटत होतं की आपण बाजूला झालो तर नऊ वर्षांच्या मुलाला गादी मिळेल. १० मेला पार्लमेंटमध्ये बॅरन लार्स ऑगस्टिन मानरहाइम उभा राहिला आणि राजाशी असलेली निष्ठा आम्ही मागे घेतो असं जाहीर केलं, त्याच्या वंशजांसकट. डिसेंबरमध्ये सगळं कुटुंब परदेशी गेलं, १८१२ मध्ये घटस्फोट झाला, मग तो एकटाच युरोपभर फिरत राहिला, कर्नल गुस्ताफसन असं नाव लावायचा. १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन गावी एका साध्या खानावळीत राहत असताना गेला. पुढे त्याच्या मुलीच्या नातीचं, व्हिक्टोरियाचं, लग्न १८८१ मध्ये स्वीडनच्या युवराजाशी झालं आणि ती राणी झाली. म्हणजे घालवलेलं रक्त मागच्या दाराने परत आलं.

राज्यघटना दोन आठवड्यांत लिहिली म्हणतात, शक्य आहे का?

कमिटी मेमध्ये बसली, अध्यक्ष तोच मानरहाइम आणि सेक्रेटरी हान्स यार्टा. यार्टा हा मूळचा बॅरन, पण १८०० मध्ये त्याने भर सभेत आपला खानदानी दर्जा सोडून दिला होता आणि आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बदललं होतं. खरं लिखाण पंधरा दिवसांत झालं हे खरं, पण त्यामागे नव्वद वर्षांचा अनुभव होता. १७१९ नंतर पार्लमेंटकडे सगळी सत्ता होती तेव्हा पक्षांनी देश विकायला काढला, १७७२ नंतर राजाकडे सत्ता गेली तर तो कोणालाच विचारेना. दोन्ही औषधं घेऊन झाली होती आणि दोन्हींनी आजार वाढला होता, त्यामुळे कशाची गरज आहे हे त्या लोकांना नीट माहीत होतं. राज्यकारभार राजाने करायचा पण मंत्रिमंडळाचा सल्ला घेऊन, कर लावायचा अधिकार फक्त पार्लमेंटचा, न्यायालयं वेगळी, आणि या सगळ्यांनी एकमेकांवर नजर ठेवायची. एक कलम तर जुन्या राजशपथेतून घेतलं, की राजाने सत्य आणि न्याय वाढवावा, अन्याय रोखावा, कोणाचा जीव, अब्रू, स्वातंत्र्य, मालमत्ता कायद्याशिवाय हिरावू नये.

आणि क्रम बघा, आधी घटना मान्य करा मगच मुकुट. राजाचा काका कार्ल, वय ६०, त्याने ६ जूनला मान्य केली आणि तेरावा कार्ल झाला. त्याची बायको हेडविग एलिसाबेत शार्लोट वर्षानुवर्षं डायरी लिहायची, दरबारात काय काय चाललं होतं ते आज कळतं ते बरंचसं तिच्यामुळे.

सगळे खूश होते का?

नाही. पार्लमेंटमध्ये चार वर्ग होते, उमराव, पाद्री, शहरी लोक आणि शेतकरी. शेतकऱ्यांनी सहीच करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, तुम्ही राजाची सत्ता वाटून घेतली पण उमरावांच्या सवलती तशाच, टॅक्स आमच्यावर तसेच, आणि युद्धात मेली कोणाची पोरं? खूप दबाव आणल्यावर जूनच्या शेवटी त्यांनी सही केली. घटनेचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे. आणि चार वर्गांच्या बाहेर जे होते, भूमिहीन मजूर, नोकर, बहुतेक सगळ्या बायका, त्यांना तर कोणी विचारलंही नाही.

ओम्बुड्समन म्हणजे काय आणि तो यातूनच आला का?

हो, घटनेच्या ९६ व्या कलमातून. ओम्बुड म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. याआधी १७१३ मध्ये बाराव्या कार्लने तुर्कस्तानात अडकून पडलेला असताना स्वतःसाठी असा एक अधिकारी नेमला होता, मी नाही तर माझ्या अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवा म्हणून. पण तो राजाचा माणूस. १८०९ मध्ये पहिल्यांदा असं ठरलं की पार्लमेंट स्वतःचा माणूस निवडेल, जो न्यायाधीशांपासून कारकुनापर्यंत सगळे कायद्याने वागतायत का ते बघेल आणि नाही वागले तर खटला भरेल. कलमातले शब्दच सुंदर आहेत, की हा माणूस कायद्याची जाण आणि असामान्य सचोटी यांसाठी ओळखला जाणारा असावा. पहिला कोण, तर १ मार्च १८१० ला निवडलेला तोच मानरहाइम. कलमात माणूस म्हणजे पुरुष असंच लिहिलं होतं, ती अट १९४१ मध्ये गेली.

आजही हे ऑफिस चालू आहे. कोणीही तक्रार करू शकतं, नागरिक असायची गरज नाही, वकील नको, फी नाही, साधं पत्र पुरतं, साधारण दोन वर्षांच्या आतली गोष्ट हवी. माझ्याही एका अर्जाला एका सरकारी ऑफिसने महिनोन्महिने उत्तर दिलं नव्हतं, शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं ओम्बुड्समनला लिही की. मी लिहिलं, नंतर उत्तर आलं ते तीन ओळींचं, पण त्या ऑफिसला कळवलं गेलं होतं की तुमच्याकडून उशीर झालाय. परक्या देशातून आलेल्या माणसाला त्या तीन ओळी किती आधार देतात ते शब्दांत नाही सांगता येत.

याचा महाराष्ट्राशी संबंध आहे असं ऐकलं, कसा?

आहे ना, थेट आहे. ही कल्पना शंभर वर्षं स्वीडनमध्येच राहिली, मग फिनलंडने स्वातंत्र्यानंतर घेतली, १९५० च्या दशकात डेन्मार्कने, १९६२ मध्ये न्यूझीलंडने, आणि तिथून जगभर. भारतात १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी त्यासाठी लोकपाल आणि लोकायुक्त हे शब्द दिले. १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शिफारस केली, केंद्रात बिल येत राहिलं आणि पडत राहिलं. पण महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्तांचं ऑफिस खरंच सुरू केलं, देशात प्रत्यक्ष काम सुरू करणारं पहिलं राज्य. आणि २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले तेव्हा लाखो लोकांच्या तोंडी जो शब्द होता त्याचं मूळ शोधत गेलं तर १८०९ च्या त्या घाईघाईत लिहिलेल्या कलमावर येऊन थांबतं. केंद्राचा कायदा २०१३ चा आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ मध्ये.

तहात नेमकं काय गेलं?

१७ सप्टेंबर १८०९, फ्रेडरिक्सहाम्न, फिनिश नाव हामिना. अख्खं फिनलंड आणि ओलंड बेटं रशियाला. तिसरा हिस्सा जमीन आणि चौथा हिस्सा माणसं. उत्तरेला सीमा आखली तोर्ने नदीवर. त्या खोऱ्यात दोन्ही काठांना एकच लोक राहायचे, फिनिश बोलणारे, एकाचं शेत या बाजूला आणि कुरण त्या बाजूला. एका सहीने नदीच्या मधोमध देश बदलला. स्वीडनच्या बाजूला राहिलेल्यांची भाषा वेगळी वाढली, तिला मेएनकिएली म्हणतात म्हणजे आपली भाषा, पुढे शाळेत ती बोलली म्हणून मुलांना मार खावा लागायचा. आता ती अधिकृत अल्पसंख्याक भाषा आहे.

फिनलंडचं वाईट झालं का मग?

तसं म्हणता येत नाही. झारने त्यांचा धर्म, जुना स्वीडिश कायदा आणि हक्क तसेच ठेवायचं वचन दिलं, फिनलंड स्वायत्त ग्रँड डची झालं, म्हणजे झारच्या हाताखालचं पण आपला कारभार आपण बघणारं राज्य, १८१२ मध्ये राजधानी हेलसिंकीला आली आणि १९१७ मध्ये देश स्वतंत्र. या युद्धावर रुनेबेरी नावाच्या कवीने कविता केल्या, त्यातली पहिली आज फिनलंडचं राष्ट्रगीत आहे, आणि ती मूळ स्वीडिशमध्ये लिहिलेली! २००९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून दोनशे वर्षांचे कार्यक्रम केले.

आत्ताचं राजघराणं फ्रेंच आहे ते कसं काय?

तेरावा कार्ल म्हातारा आणि मूलबाळ नाही. म्हणून नॉर्वेतल्या त्याच क्रिस्टियान ऑगस्टला, ज्याने सीमा ओलांडली नव्हती, वारस निवडलं. तो १८१० च्या जानेवारीत आला, लोकांना आवडला, आणि २८ मेला क्विडिंगे इथे घोड्यावरून कोसळून गेला. झटका आला होता, पण विष दिलं अशी अफवा पसरली. संशय आला आक्सेल फॉन फेर्सेन या बड्या उमरावावर, आणि २० जूनला अंत्ययात्रेत जमावाने त्याला भर रस्त्यात दगडांनी आणि लाथांनी मारलं, तोच फेर्सेन ज्याने १९ वर्षांपूर्वी त्याच तारखेला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला पॅरिसमधून पळवायला मदत केली होती. सैनिक बाजूला उभे राहून बघत राहिले. मार्चमध्ये रक्त न सांडता राजा बदलणाऱ्या शहरात पंधरा महिन्यांनी हे झालं, आणि मला ते वाचताना प्रत्येक वेळी लाज वाटते. पुढे ऑगस्टमध्ये नेपोलियनचा मार्शल बर्नाडोट वारस म्हणून निवडला गेला, आजचे राजे त्याच घराण्यातले.

ती घटना अजून चालू आहे का?

नाही, १९७५ च्या सुरुवातीपासून नवी लागू आहे, जिच्यात राजाला फक्त मान आहे, सत्ता नाही. पण जुनी १६५ वर्षं टिकली, तेव्हा लिखित घटनांमध्ये अमेरिकेच्या खालोखाल तीच जुनी होती.

हे सगळं बघायला कुठे जायचं?

स्टॉकहोममध्ये राजवाडा आहेच, ग्रिप्सहोल्म तासाभराच्या अंतरावर. पण जमलं तर उत्तरेला राटानला जा, उमेओच्या वर किनाऱ्यावरचं छोटं बंदर. १८०९ च्या १९ ऑगस्टला सेवार आणि २० ला राटान, इथे स्वीडनच्या भूमीवरच्या शेवटच्या लढाया झाल्या, जहाजांतून हजारो सैनिक उतरवले आणि तीन दिवसांत परत चढवले. त्यानंतर या जमिनीवर लढाई झालेली नाही. तिथे खडकांवर समुद्राच्या पातळीच्या जुन्या खुणा कोरल्यात, १७४९ पासूनच्या. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून ही जमीन हळूहळू वर येतेय, वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर, त्यामुळे जुन्या खुणा आता पाण्याच्या खूप वर दिसतात. ज्या उथळ पाण्यात ती पोरं होड्यांतून उतरली असतील तिथे आज गवत आहे, आम्ही गेलो तेव्हा तिथे बसून डबा खाल्ला.